संगीतरत्नाकरातील स्वरप्रस्तार व खंडमेरू : गणित आणि संगीत यांच्या परस्परसंबंधाचा एक अभ्यास

प्रस्तावना

गणित आणि संगीत यांच्या संबंधाचा विचार बहुधा तारेच्या लांबीपासून सुरू होतो. ताणलेल्या तारेची लांबी निम्मी केली असता वरच्या सप्तकातील षड्ज मिळतो, दोन-तृतीयांश ठेवली असता पंचम मिळतो आणि तीन-चतुर्थांश ठेवली असता मध्यम मिळतो. पायथागोरसच्या नावाशी जोडले गेलेले हे निरीक्षण महत्त्वाचे आहे यात शंका नाही. परंतु हा संबंध मुख्यतः नादाच्या भौतिक स्वरूपाशी निगडित आहे. स्वर सिद्ध कसा होतो याचे उत्तर त्यातून मिळते. सिद्ध झालेल्या स्वरांची मांडणी किती प्रकारे होऊ शकते, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. पहिल्या प्रश्नाचे गणित गुणोत्तरांचे आहे, तर दुसऱ्याचे गणित मोजणीचे व क्रमरचनेचे आहे.

भारतीय संगीतशास्त्राने या दुसऱ्या प्रश्नाचा विचार अत्यंत पद्धतशीरपणे केलेला आहे. या विचाराचे प्रगल्भ रूप तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात आढळते. हा ग्रंथ महाराष्ट्राच्या भूमीवर, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने निर्माण झाला. तरीही त्यातील गणिती भाग उपेक्षित राहिला. संगीताच्या अभ्यासकांनी तो रुक्ष म्हणून बाजूला ठेवला आणि ग्रंथ संगीताचा असल्यामुळे गणिताच्या अभ्यासकांची दृष्टी बराच काळ त्याकडे गेली नाही. प्रस्तुत लेखात या भागातील स्वरप्रस्तार, खंडमेरू आणि तालप्रस्तार या संकल्पनांचे उदाहरणांसह स्पष्टीकरण केले असून या गणिताची संगीतातील मर्यादा कोठे आहे याचाही विचार केला आहे.

ग्रंथ आणि ग्रंथकार

शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचे आजोबा भास्कर हे दक्षिणेत येऊन स्थायिक झाले आणि वडील सोढल हे यादव राजांच्या सेवेत होते. स्वतः शार्ङ्गदेव हा राजा सिंघण याच्या दरबारात श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेब-दप्तराचा प्रमुख अधिकारी होता. संगीत, आयुर्वेद आणि हिशेब या तिन्ही क्षेत्रांत वावरणाऱ्या या पंडिताच्या ग्रंथात गणिती पद्धतींना मानाचे स्थान मिळावे, हे त्याच्या अधिकारपदाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ आहे. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन हे त्यातील अनुक्रमे विषय होत. यांपैकी पहिल्या, म्हणजे स्वरगताध्यायात स्वरप्रस्ताराचे आणि पाचव्या तालाध्यायात तालप्रस्ताराचे विवेचन आहे. पुढील काळात सिंहभूपाल व कल्लिनाथ यांनी या ग्रंथावर टीका लिहिल्या. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९६-९७ मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती प्रसिद्ध केली.

याच काळातील आणखी एक घटना येथे नमूद करण्याजोगी आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाच्या दरबारातील ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापन केला, असे त्या लेखावरून समजते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ‘अंकपाश’ या प्रकरणात क्रमपर्यायांची, म्हणजे वस्तूंच्या निरनिराळ्या क्रमांनी होणाऱ्या मांडण्यांची, गणना आहे. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे परस्परांत बदलल्यास किती मूर्तिभेद होतील, या तेथील प्रश्नाचे उत्तर ३६,२८,८०० असे येते. एकाच राजाच्या आश्रयाने एकीकडे अंकांच्या आणि दुसरीकडे स्वरांच्या क्रमपर्यायांचे अध्ययन चालले होते. यावरून दोन्ही परंपरांत प्रत्यक्ष देवाणघेवाण झाली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तथापि गणित आणि संगीत ही त्या काळी परस्परांना अपरिचित क्षेत्रे नव्हती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

छंदःशास्त्राचा वारसा

स्वरप्रस्ताराची मुळे छंदःशास्त्रात आहेत. पिंगलाच्या छंदःसूत्रात लघु आणि गुरू या दोन प्रकारच्या अक्षरांपासून होणाऱ्या सर्व वृत्तांची गणना केलेली आहे. अक्षरांची संख्या ठरलेली असेल तर प्रत्येक स्थानी लघु किंवा गुरू असे दोनच पर्याय संभवतात. म्हणून तीन अक्षरांचे ८, चार अक्षरांचे १६ आणि आठ अक्षरांचे २५६ भेद होतात. मराठी विद्यार्थ्यांना परिचित असलेले य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण म्हणजे तीन अक्षरांचा संपूर्ण प्रस्तारच होय.

या शास्त्रात काही ठरावीक प्रश्न विचारले जातात. त्यांना ‘प्रत्यय’ अशी संज्ञा आहे. त्यांपैकी चार प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. सर्व भेद ठरावीक क्रमाने मांडणे म्हणजे ‘प्रस्तार’. एकूण भेद किती हे सांगणे म्हणजे ‘संख्या’. प्रस्तारातील एखादी ओळ पुसली गेली असता केवळ तिच्या क्रमांकावरून ती पुन्हा सिद्ध करणे म्हणजे ‘नष्ट’. याउलट एखादी ओळ समोर असता तिचा क्रमांक सांगणे म्हणजे ‘उद्दिष्ट’. शेवटच्या दोन प्रश्नांचे वैशिष्ट्य असे की, संपूर्ण यादी न लिहिता त्यांची उत्तरे मिळाली पाहिजेत. शार्ङ्गदेवाने हेच प्रश्न लघु-गुरूंच्या ऐवजी सप्तस्वरांना लावले.

स्वरप्रस्ताराची रीत

एक स्वर एकाच प्रकारे मांडता येतो. दोन स्वरांच्या २ मांडण्या होतात, तिहींच्या ६, चारांच्या २४, पाचांच्या १२०, सहांच्या ७२० आणि सातांच्या ५०४०. स्वरसंख्येनुसार या तानांना आर्चिक, गाथिक, सामिक, स्वरांतर, औडुव, षाडव आणि संपूर्ण अशी नावे आहेत. येथे एकच अट आहे. प्रत्येक स्वर एकदा आणि एकदाच यावा.

या मांडण्या लिहिण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. प्रथम स्वर मूळ क्रमाने लिहावेत. पुढची ओळ सिद्ध करण्यासाठी डावीकडून पाहत जावे आणि ज्या स्वराखाली त्याच्या आधीचा स्वर लिहिता येईल असा पहिला स्वर शोधावा. तो आधीचा स्वर उजव्या बाजूस अगोदरच आलेला असेल तर त्याच्याही आधीचा घ्यावा. हा स्वर लिहिल्यावर त्याच्या उजवीकडील स्वर वरच्या ओळीतून जसेच्या तसे उतरवावेत आणि उरलेले स्वर डावीकडे मूळ क्रमाने भरावेत. सा, रे, ग या तीन स्वरांचा प्रस्तार या रीतीने असा होतो :

१. सा रे ग
२. रे सा ग
३. सा ग रे
४. ग सा रे
५. रे ग सा
६. ग रे सा

पहिल्या ओळीत ‘रे’च्या खाली ‘सा’ लिहिता येतो, म्हणून दुसरी ओळ ‘रे सा ग’ अशी झाली. दुसऱ्या ओळीत पहिल्या ‘रे’खाली ‘सा’ लिहिता येत नाही, कारण तो उजवीकडे आहे. ‘सा’च्या आधी कोणताच स्वर नाही. म्हणून ‘ग’च्या खाली ‘रे’ लिहून डावीकडे ‘सा ग’ भरले आणि तिसरी ओळ मिळाली. जेथे असा एकही स्वर सापडत नाही तेथे प्रस्तार संपतो. ‘ग रे सा’ या संपूर्ण अवरोही ओळीनंतर नेमके हेच घडते. म्हणजे प्रस्तार शुद्ध आरोहापासून सुरू होऊन शुद्ध अवरोहाशी थांबतो आणि मध्ये एकही मांडणी सुटत नाही वा दोनदा येत नाही.

या यादीत आणखी एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या दोन ओळींच्या शेवटी ‘ग’ आहे, पुढील दोहोंच्या शेवटी ‘रे’ आणि अखेरच्या दोहोंच्या शेवटी ‘सा’. अंत्य स्वरानुसार यादीचे समान खंड पडतात. चार स्वरांच्या प्रस्तारात सहा-सहा ओळींचे चार खंड असतात आणि सात स्वरांच्या प्रस्तारात ७२०-७२० ओळींचे सात खंड असतात. प्रत्येक खंडाच्या आत उरलेल्या स्वरांचा लहान प्रस्तारच पुन्हा येतो. खंडमेरूची संपूर्ण रचना या निरीक्षणावर उभी आहे.

खंडमेरू

खंडमेरू म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारे एक कोष्टक होय. सात स्वरांसाठी त्यात सात स्तंभ असतात. पहिल्या स्तंभात एक घर, दुसऱ्यात दोन, याप्रमाणे सातव्यात सात घरे असतात. त्यांतील अंक वरून खाली पुढीलप्रमाणे येतात :

पहिला स्तंभ : १
दुसरा स्तंभ : ०, १
तिसरा स्तंभ : ०, २, ४
चौथा स्तंभ : ०, ६, १२, १८
पाचवा स्तंभ : ०, २४, ४८, ७२, ९६
सहावा स्तंभ : ०, १२०, २४०, ३६०, ४८०, ६००
सातवा स्तंभ : ०, ७२०, १४४०, २१६०, २८८०, ३६००, ४३२०

प्रत्येक स्तंभातील अंक हे त्याच्या आधीच्या स्तंभापर्यंतच्या स्वरांच्या एकूण मांडण्यांच्या पटीत आहेत. या घरांवर खडे ठेवून उत्तर काढावयाचे असते. ग्रंथात खड्यासाठी ‘लोष्ट’ हा शब्द येतो.

प्रथम उद्दिष्टाचे उदाहरण पाहू. ‘सा ग रे म प नि ध’ ही तान प्रस्तारातील कितवी? शेवटचा स्वर ‘ध’ आहे. मूळ क्रमाच्या शेवटापासून पाहता ‘नि’ हा पहिला आणि ‘ध’ त्याच्या एक घर मागे आहे. म्हणून सातव्या स्तंभातील खडा वरच्या घरातून एक घर खाली आणावा. तेथे ७२० आहे. आता ‘ध’ वगळला. उरलेल्या सहांत शेवटचा ‘नि’ हा मूळ क्रमातही शेवटचाच आहे, म्हणून सहाव्या स्तंभात खडा शून्यावर राहील. त्यानंतर ‘प’ आणि ‘म’ यांच्याही बाबतीत तसेच घडते. आता ‘सा ग रे’ उरले. त्यातील शेवटचा ‘रे’ हा ‘ग’च्या एक घर मागे आहे, म्हणून तिसऱ्या स्तंभात २. त्यानंतर ‘सा ग’ हा मूळ क्रम असल्याने दुसऱ्या स्तंभात ० आणि पहिल्या स्तंभात नेहमीप्रमाणे १. सर्वांची बेरीज ७२० + २ + १ = ७२३. ही तान प्रस्तारातील ७२३वी होय. पहिले ७२० भेद ‘नि’ने संपतात, ७२१वा ‘सा रे ग म प नि ध’, ७२२वा ‘रे सा ग म प नि ध’ आणि त्यानंतर ही तान येते. यावरून उत्तराचा पडताळा मिळतो.

नष्टाची रीत याच्या उलट आहे. प्रस्तारातील १०००वी तान कोणती असा प्रश्न असल्यास प्रथम पहिल्या स्तंभातील १ वजा करावा. उरले ९९९. सातव्या स्तंभातून यात मावणारा सर्वांत मोठा अंक ७२० हा असून तो एक घर खाली आहे, म्हणून अंत्य स्वर ‘ध’. उरले २७९. सहाव्या स्तंभातून २४०, म्हणजे दोन घरे खाली. उरलेल्या सा, रे, ग, म, प, नि यांत शेवटापासून दोन घरे मागे ‘म’ आहे. उरले ३९. पाचव्या स्तंभातून २४, म्हणजे एक घर खाली, म्हणून ‘प’. उरले १५. चौथ्या स्तंभातून १२, म्हणजे दोन घरे खाली. सा, रे, ग, नि यांत तो ‘रे’ होय. उरले ३. तिसऱ्या स्तंभातून २, म्हणून ‘ग’. उरला १. दुसऱ्या स्तंभातून १, म्हणून ‘सा’ आणि अखेरीस ‘नि’. उजवीकडून डावीकडे मिळालेले हे स्वर सरळ लिहिले असता ‘नि सा ग रे प म ध’ ही १०००वी तान सिद्ध होते. ९९९ ओळी न लिहिता सहा वजाबाक्यांत हे उत्तर मिळते.

ही रीत अचूक का ठरते?

या रीतीचे मर्म आजच्या भाषेत सांगता येते. कोणत्याही स्तंभाच्या आधीच्या सर्व स्तंभांतील तळाच्या अंकांची बेरीज केली तर ती त्या स्तंभाच्या दुसऱ्या घरातील अंकाइतकी येते. उदाहरणार्थ, १ + १ + ४ + १८ = २४, आणि पाचव्या स्तंभाच्या दुसऱ्या घरात २४च आहे. म्हणजे आधीच्या स्तंभांतून १ ते २४ हे सर्व क्रमांक मिळतात. २५ ते ४८ हे क्रमांक मिळविण्यासाठी पाचव्या स्तंभातील खडा एक घर खाली आणावा लागतो. त्यामुळे खंड एकमेकांवर येत नाहीत आणि मध्ये पोकळीही राहत नाही. सातही स्तंभांच्या तळाच्या अंकांची बेरीज १ + १ + ४ + १८ + ९६ + ६०० + ४३२० = ५०४० येते आणि तो ‘नि ध प म ग रे सा’ या शेवटच्या तानेचा क्रमांक आहे.

दशमान पद्धतीत प्रत्येक स्थानाची किंमत आधीच्या स्थानाच्या दसपट असते. येथे ती दुप्पट, तिप्पट, चौपट अशी बदलत जाते. असा बदलता पाया व्यवहारात अपरिचित नव्हता. १९५७ पूर्वी बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होत असे. कोणतीही रक्कम रुपये, आणे, पै या रूपात एकाच प्रकारे लिहिता येत असे. खंडमेरूने प्रत्येक क्रमांकाला असेच एकमेव रूप दिले आणि ते रूप एका तानेशी जोडले. आधुनिक गणितात या पद्धतीला क्रमगुणित संख्यापद्धती म्हणतात. फ्रेंच गणिती लेसां यांनी १८८८ मध्ये या पद्धतीचे व क्रमपर्यायांशी असलेल्या तिच्या संबंधाचे विवेचन केले. भारतीय गणितग्रंथांपैकी नारायण पंडिताच्या ‘गणितकौमुदी’त (इ. स. १३५६) अंकपाशाच्या संदर्भात खंडमेरू आढळतो. म्हणजे ही रीत गणिताच्या ग्रंथाआधी सुमारे शतकभर संगीताच्या ग्रंथात नोंदली गेली होती. राजा श्रीधरन, आर. श्रीधरन आणि एम. डी. श्रीनिवास यांच्या २०१० च्या लेखनामुळे या भागाकडे गणिताच्या अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले.

येथे अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. शार्ङ्गदेवाने रीत सांगितली, आधुनिक अर्थाने तिची सिद्धता मांडली नाही. संगणकाचा शोध त्याने लावला अशा स्वरूपाची विधाने त्याच्या कार्याचे मोल वाढवीत नाहीत. मोठ्या यादीतील कोणतीही ओळ यादी न लिहिता शोधण्याची निर्दोष पद्धती त्याच्या ग्रंथात आहे. हे योगदान स्वतःच्या बळावर उभे राहण्याइतके मोठे आहे.

तालप्रस्तार

तालाध्यायातील प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. तेथे घटकांची संख्या ठरलेली नसून एकूण कालावधी ठरलेला असतो. द्रुत, लघु, गुरू आणि प्लुत ही तालाची अंगे होत. द्रुत हे एकक मानल्यास लघु २, गुरू ४ आणि प्लुत ६ एककांचा होतो. ठरावीक कालावधी या अंगांनी किती प्रकारे भरता येईल, हा प्रश्न आहे.

चार द्रुतांचा कालावधी घेतल्यास सहा प्रकार होतात : एक गुरू, दोन लघु, दोन द्रुत व एक लघु यांच्या तीन मांडण्या, आणि चार द्रुत. मोठ्या कालावधीसाठी अंत्य अंगाचा विचार उपयोगी पडतो. शेवटी द्रुत असेल तर उरलेला काल एकने कमी होतो, लघु असेल तर दोनने, गुरू असेल तर चारने आणि प्लुत असेल तर सहाने. म्हणून कोणतीही संख्या तिच्या मागील पहिली, दुसरी, चौथी आणि सहावी या चार संख्यांच्या बेरजेने मिळते. यातून १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६०, १०६, १९१ अशी श्रेणी तयार होते. उदाहरणार्थ, ३३ + १९ + ६ + २ = ६०.

छंदःशास्त्रातील मात्रावृत्तांच्या गणनेत लघु व गुरू हे दोनच घटक असतात आणि तेथे १, २, ३, ५, ८, १३ अशी श्रेणी मिळते. युरोपात फिबोनाचीच्या १२०२ मधील ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेली ही श्रेणी विरहांक, गोपाल आणि हेमचंद्र या छंदःशास्त्रज्ञांना त्यापूर्वीच ज्ञात होती. शार्ङ्गदेवाची तालश्रेणी म्हणजे त्याच विचाराचा चार घटकांपर्यंत केलेला विस्तार होय.

गणना आणि निवड

एवढ्या गणनेतून संगीत निर्माण होते काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. ग्रंथात दोन ग्रामांच्या मिळून चौदा मूर्च्छना सांगितल्या आहेत. प्रत्येकीचे शुद्ध, काकलीयुक्त, अंतरयुक्त आणि उभययुक्त असे चार प्रकार धरून ५६ होतात. प्रत्येकीच्या ५०४० याप्रमाणे संपूर्ण कूटतानांची संख्या २,८२,२४० येते. एक तान गाण्यास पाच सेकंद लागतात असे मानले, तर सर्व ताना अखंड गाण्यास ३९२ तास, म्हणजे सोळा दिवसांहून अधिक काळ लागेल. एवढा गायनक्रम कोणी ऐकणार नाही आणि त्याला कोणी संगीतही म्हणणार नाही.

रागाच्या पातळीवर ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. सा, रे, ग, प, ध या पाच शुद्ध स्वरांचे १२० क्रमपर्याय होतात. पण याच पाच स्वरांत भूप आणि देशकार हे दोन वेगळे राग आहेत. भूपाचा वादी गंधार असून तो पूर्वांगप्रधान आणि रात्रीच्या प्रथम प्रहरी गायिला जाणारा राग आहे. देशकाराचा वादी धैवत असून तो उत्तरांगप्रधान व सकाळचा राग आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही असेच आहे. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम आणि वर्ज्य पंचम हे तिन्हींत समान असूनही त्यांची व्यक्तिमत्त्वे स्वतंत्र आहेत. प्रस्तार स्वर मोजतो. स्वरावर किती थांबावे, त्याकडे कोणत्या स्वरावरून यावे, कोणता स्वर नुसता स्पर्शून सोडावा, हे प्रस्तारात येत नाही.

व्यंकटमखीच्या ७२ मेळांपासून होणाऱ्या रागांची गणना संगीताच्या पाठ्यपुस्तकांत नेहमी दिली जाते. षड्ज स्थिर ठेवून उरलेल्या सहा स्वरांतून एकही न वगळता १, एक वगळून ६ आणि दोन वगळून १५ असे २२ प्रकार होतात. आरोह व अवरोह स्वतंत्रपणे निवडल्यास २२ × २२ = ४८४, आणि ७२ मेळांचे मिळून ३४,८४८ राग संभवतात. प्रत्यक्ष प्रचारात मात्र यातील फारच थोडे आहेत. तालांचेही तसेच आहे. केवळ दहा द्रुतांच्या कालावधीत १९१ रचना संभवतात. ग्रंथात निरनिराळ्या कालावधींचे मिळून १२० देशी तालच वर्णिलेले आहेत. शक्यतांचे क्षेत्र गणित दाखविते आणि त्यातून काय टिकवावयाचे हे परंपरेने घडविलेली रसिकता ठरविते.

म्हणून गणना निरुपयोगी ठरते असे मात्र नाही. गळ्याला व मनाला जी वळणे सवयीची असतात तीच गायक पुनःपुन्हा घेतो. प्रस्तार त्याला सवयीबाहेरच्या वळणांची जाणीव करून देतो. मुंबईतील भेंडीबाजार घराण्यात ‘मेरुखंड’ या नावाने हा अभ्यास जोपासला गेला. या घराण्याशी संबंधित परंपरेत शिकलेले उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) यांच्या विलंबित ख्यालातील स्वरविस्तारात त्याचे परिणत रूप आढळते. थोड्या स्वरांच्या समूहातून निरनिराळ्या मांडण्या उलगडत जाणारी त्यांची बढत रागाची मर्यादा सोडत नाही. कारण रियाजात सर्व मांडण्या येतात, मैफलीत मात्र रागाला मानवतील तेवढ्याच निवडल्या जातात. मेरुखंडाचा अभ्यास केलेल्या गायकाची निवड अधिक सजग असते. इतर पर्याय त्याला माहीत असतात आणि त्याने ते जाणीवपूर्वक सोडलेले असतात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, भारतीय परंपरेत गणित आणि संगीत यांचा संबंध केवळ नादाच्या गुणोत्तरांपुरता मर्यादित नाही. क्रमरचनेच्या गणिताचा एक महत्त्वाचा टप्पा संगीताच्या ग्रंथात गाठला गेला आहे. दुसरी, खंडमेरूची रीत आजच्या गणिताच्या कसोटीवरही निर्दोष ठरते. तिसरी, ही रीत शक्यतांची पूर्ण मोजदाद करते, परंतु त्यांतील सौंदर्याचा निवाडा करीत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांवर भर दिला जात आहे. गणित आणि संगीत यांचा एकत्र अभ्यास करताना दोन टोके टाळणे आवश्यक आहे. प्राचीनांना सर्व काही ज्ञात होते हे एक टोक आणि संगीताच्या ग्रंथात गणित कोठून असणार हे दुसरे. दोन्हींवरचा उपाय म्हणजे मूळ रीत प्रत्यक्ष करून पाहणे. फळ्यावर खंडमेरू काढून, मूठभर खडे घेऊन गणिताच्या विद्यार्थ्याने क्रमांकावरून तान शोधावी आणि संगीताच्या विद्यार्थ्याने ती गाऊन दाखवावी. ती कोणत्या रागात शोभेल आणि कोणत्या रागात शोभणार नाही, याची चर्चा दोघांनी मिळून करावी. यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेची वा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. दोन विभागांतील अध्यापकांनी आठवड्यातील एक तासिका एकत्र घेतली, तर सुमारे आठशे वर्षांपूर्वी देवगिरीत एका हिशेबनिसाने लिहिलेले हे प्रकरण पुन्हा अध्ययनात येऊ शकेल.